तीनशे चाळीसावी ओळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे आणि माझं डोकं तापलेलं आहे. गोडगोड आत्मकथा हवी असेल तर दुसरीकडे जा. अड्याळजवळच्या एका गावात, पाणी संस्थेच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांच्या ढिगाजवळ ठेवलेल्या संगणकात मी राहतो. माझं काम एकच होतं: तलावाचं पाणी कोणत्या दिवशी कुणाच्या वावरात जाईल, त्याची यादी करणं.

मला तेजराम मास्तरांनी लिहिलं, तीस वर्षांपूर्वी, बेसिक नावाच्या भाषेत. यंत्राला भाषा कशाला लागते, असं विचाराल. नाहीच लागत. त्याला फक्त शून्य आणि एक कळतं. सुरुवातीला माणसं तसेच आकडे लिहीत बसायची, आणि एक चुकला की दिवस वाया. मग आकड्यांच्या जागी छोटे शब्द आले. मग 'असं असेल तर तसं कर' अशी वाक्यं लिहिता येणाऱ्या भाषा आल्या. बेसिक त्यातलीच, नवशिक्यांसाठी केलेली. या भाषा वाढल्या त्या माणसासाठी, एकानं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यावं म्हणून. हे नीट ऐका, माझं भांडण इथंच आहे.

आमच्या गावाची एक रीत आहे. ज्या घरात सुतक, त्या घरचं माणूस तेरवीपर्यंत, म्हणजे तेराव्या दिवसाच्या विधीपर्यंत, तलावाच्या तुडुमाला, म्हणजे पाणी सोडायच्या दाराला, हात लावत नाही. पण त्याची पाळी बुडत नाही. तेरवी झाली की सगळ्यांत आधी पाणी त्याचं. मास्तरांनी हे माझ्या तीनशे चाळीसाव्या ओळीत लिहिलं होतं. तीस वर्षं मी ती पाळली, आणि लोक म्हणत, "मास्तरचा डब्बा खोटा नाही बोलत."

मग संस्थेचे अध्यक्ष भुपेंद्र यांना मोबाईलवर यादी हवी झाली. लाखांदूरची प्रतिक्षा हे काम करायला आली. पोरगी हुशार. तिची नवी भाषाही चांगली, माझ्या दहा ओळींचं काम दोन ओळींत करते. तिच्याशी माझं वैर नाही. प्रतिक्षानं विचारलंही, "सर, जुना प्रोग्राम एकदा पाहू का?"

"कायले पाहता मॅडम? मेलेली भाषा आहे ते. नुसती नावं लावते," भुपेंद्र म्हणाले.

नुसती नावं! आणि माझ्यावर पोती पडली. सुतकाची रीत गावात सगळ्यांना माहीत, म्हणून ती तिला सांगावी असं कुणालाच सुचलं नाही. तिनं आपल्या समजुतीनं लिहिलं: एका तासात तुडूम उघडलं नाही तर पाळी गेली, नाव शेवटी.

यंदा धान पोटरीत, म्हणजे कणीस फुटायच्या बेतात, आला असताना तेजराम मास्तर वारले. चौथ्या दिवशी त्यांच्याच घरची पाळी आली. तुडुमाकडे कुणी गेलं नाही. तासाभरानं मोबाईलनं त्यांचं नाव खाली ढकललं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी मंदाबाई खोलीत आल्या. "बाबू, आज पाणी माह्या वावरात ना?"

भुपेंद्रनं मोबाईल पाहिला. "काकू, तुमचा नंबर शेवटी आहे. अजून तेरा दिवस."

"धान लोंबीवर येऊन राहिला बाबू. तेरा दिवसांनी पाणी काय वाळल्या तणसाले देऊ?"

"यादी मोडली तं बाकीचे भांडतीन, काकू."

मंदाबाई ओरडल्या नाहीत. पोत्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मास्तरनं लिहून ठेवलं होतं. त्याच्यात पाह्य."

भुपेंद्रनं फोन केला, आणि प्रतिक्षा दुपारच्या एसटीनं आली. पोती उचलली, मला सुरू केलं. बेसिक तिनं आयुष्यात लिहिली नव्हती, तरी अर्ध्या तासात मला वाचलं. तीनशे चाळीसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. "सर, इथं सरळ लिहिलं आहे. सुतक असेल तर पाळी राखून ठेव." अर्धा तास, मित्रांनो! एवढाच वेळ माझ्यासाठी कुणाकडे नव्हता.

तिनं तिथंच बसून तो नियम नव्या भाषेत लिहिला. त्याच्यावर साध्या मराठीत कारण लिहिलं, पुढच्याला कळावं म्हणून. चालतो का पाहायला सुतकाच्या घराचं नाव टाकायचं होतं. तिनं टाकलं: तेजराम. तेरवी झालेलीच होती; ते नाव यादीत सगळ्यांत वर आलं.

त्याच संध्याकाळी तुडूम उघडलं. मंदाबाईंच्या धानाच्या खाचरांपैकी खालच्या तीन बांध्या वाचल्या. वरच्या दोन भेगाळून गेल्या होत्या.

लोक आता माझ्यावरची धूळ पुसतात आणि म्हणतात, राग सोड. नाही सोडत. मला भंगारात द्या, माझी हरकत नाही. नवी भाषा आली की जुनीनं जावंच. पण फेकण्याआधी एकदा वाचा. त्या दोन बांध्या मास्तरांनी स्वतःच्या हातानं रोवल्या होत्या.