पाचशे सीसीची कृपा

“आधी दार, मग किक,” असं माझे वडील म्हणायचे. आमच्याकडे एक जुनी ब्रिटिश मोटरसायकल होती, एकच सिलिंडर, पाचशे सीसी. अप्पांचं तिच्यावर घरातल्या माणसांपेक्षा जरा जास्तच प्रेम होतं, असं आईचं मत. शेडचं दार सताड उघडल्याशिवाय ते तिला हात लावू द्यायचे नाहीत. बाहेर दात वाजवणारी थंडी असली तरी नाही.

“अप्पा, किती घाबरता! धूर काय खाणार आहे?” मी वेण्या उडवत म्हणायचे.

“धूर निदान दिसतो. जे दिसत नाही ते खातं.”

मला वाटायचं, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला की माणसाला जिथेतिथे भूकंप आणि ज्वालामुखी दिसायला लागत असतील. पुढे मला मुलगी झाली आणि माझीही तीच गत झाली. खिडकीचा गज, टेबलाचा कोपरा, द्राक्षाची बी, सगळ्यांकडे मी गुन्हेगार असल्यासारखी बघते. मुलीची छाती लहानपणापासून नाजूक. दम लागला की आत चिवचिव वाजतं, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं. तिच्या श्वासाचा पंप स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो आणि घरातून निघताना मी तो पिशवीत टाकल्याची तीनदा खात्री करते.

तर अशा माझ्या गल्लीच्या टोकाला, एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये, ठोकेबाबा अवतरले.

बाबा एकटे आले नव्हते. सोबत काळीभोर, सोनेरी रेघांची, चकचकीत पुसलेली मोटरसायकल होती. थेट अप्पांच्या गाडीची बहीणच. ती स्टँडवर उभी करून ते चालू करायचे आणि तिचा तो संथ, जड ठोका सुरू व्हायचा. धड्, धड्, धड्. गाडी म्हणजे देवी आणि हा ‘विश्वाच्या हृदयाचा ठोका’ म्हणे. तो बसून ऐकला की सांधेदुखी जाते, रुसलेली सून नमते, अडलेली बदली होते. थोड्याच दिवसांत गॅरेजबाहेर चपलांचा ढीग दिसायला लागला. आमच्या सासूबाईंच्या चपला त्यात सगळ्यात आधी.

एकदा त्यांनी मलाही ओढून नेलं. बाबा मागच्या भिंतीशी, छोट्या खिडकीखाली, उंच बैठकीवर बसले होते आणि गाडी त्यांच्या हाताशी होती. गाडीच्या हँडलवर रेशमी शाल होती. बाबांचा उजवा हात आशीर्वाद देत होता, डावा शालीखाली ध्यानस्थ होता.

“सिलिंडर किती?” बाबा गरजले.

“एक!” भक्त म्हणाले.

“का एक? कारण परमेश्वर एक! व्हॉल्व्ह दोन, का दोन? एक श्वास, एक उच्छ्वास! गिअर चार! बालपण, तारुण्य, प्रौढपण, म्हातारपण!”

“आणि न्यूट्रल?” आमच्या गल्लीतल्या शिंप्याने विचारलं. त्याला प्रत्येक गोष्टीची शिवण उसवून बघायची खोड.

“न्यूट्रल म्हणजे मोक्ष!” बाबा क्षणभरही अडखळले नाहीत. “आणि रिव्हर्स गिअर नाही! कारण गेलेलं आयुष्य मागे येत नाही!”

बायकांनी डोळे पुसले. मला वाटलं, माणूस वाया गेला. विमा एजंट झाला असता तर कुठल्या कुठे पोचला असता.

“आता सांगा, हिला बॅटरी लागते? नाही! किल्ली लागते? नाही! मग ठिणगी येते कुठून?”

सगळ्यांनी माना वर केल्या. वर पत्रा होता.

ठिणगी खालून येते. इंजिनाला चिकटलेला मॅग्नेटो असतो. किक मारली की आतलं तारेचं वेटोळं चुंबकाजवळ फिरतं आणि वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोचा तो थोरला भाऊ. पण वर बघणाऱ्याला खालचं कसं दिसणार?

“इंजिनाचा दाब साडेसहास एक!” बाबा पुढे निघाले. “म्हणजे सहा विकार, आणि वरचा अर्धा...” त्यांनी शिंप्याकडे बघितलं. “वरचा अर्धा तुमचा संशय!”

मग हुकूम सुटला, “शटर खाली! ठोका बाहेर सांडता कामा नये!”

“एवढ्या उकाड्यात शटर कशाला, बाबा?” शिंपी म्हणाला.

“याला बोलवा पुढे. याची परीक्षा होऊ दे.”

परीक्षा सोपी होती. बाबा इंजिन बंद करायचे आणि तुम्ही किक मारायची. चालू झालं तर मन शुद्ध. किक उलटून पायावर आदळली तर पोटात पाप. शिंप्याने किक मारली आणि ती अशी उलटली की बिचारा टुणकन उडून भक्तांच्या मांडीवर पडला. घोटा टम्म सुजला.

“पाप!” कोणीतरी कुजबुजलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका पुढच्या गल्लीत जायला लागल्या. पापी माणसाच्या हातचं माप अंगाला कसं बसणार?

मला शालीखालचा डावा हात तेव्हाच कळला होता. लहानपणी अप्पांनी मला टाकीवर बसवून त्याच कामाला लावलं होतं. या गाड्यांना डाव्या मुठीजवळ दोन छोटे लिव्हर असतात. एकाने ठिणगी लवकर की उशिरा पडायची ते ठरतं. ठिणगी वेळेआधी पडली तर वर येणारा पिस्टन उलटा ढकलला जातो आणि किक तुमचा पाय घेऊन परत येते. दुसऱ्या लिव्हरने व्हॉल्व्ह उचलला की दाब निघून जातो आणि इंजिन उसासा टाकून बंद पडतं. म्हणजे पाप-पुण्याचा हिशोब अंगठ्याच्या टोकावर होत होता.

पण मी घरी येऊन हसले, एवढंच. मला तो गावठी जादूचा खेळ वाटला. शटर पडल्यावर आत लोक डोलायला लागले होते, कोणी रडत होतं, एक काकू ओकल्या तेव्हा “विष बाहेर पडलं!” असा गजर झाला होता. माझंही डोकं ठणकत होतं. बाहेर आल्यावर ते उतरलं. मी म्हटलं, गर्दी, घाम आणि धूर, दुसरं काय!

“आई, तुम्हाला जायचं तर जा,” मी सासूबाईंना म्हटलं. “चिमणीला मात्र तिथे न्यायचं नाही. तिच्या छातीला धूर सोसायचा नाही.”

“बरं बाई,” सासूबाई म्हणाल्या. ज्या सुरात मोठी माणसं काहीच कबूल करत नाहीत, त्या सुरात.

“तुझं जरा जास्तच असतं हं,” नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला. “एवढी माणसं बसतात, ती काय सगळी खुळी आहेत?”

एका दुपारी मी ऑफिसमधून लवकर आले. घर शांत होतं. दाराशी चिमणीचे बूट नव्हते. फळीवर पंप होता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गॅरेजचं शटर. ते उचलताना तुटलेलं नख. आतला गरम, जड अंधार आणि धड्, धड्, धड्. डोलणारी डोकी. आणि सासूबाईंच्या मांडीवर मान टाकून पडलेली माझी चिमणी.

“हळू गं,” सासूबाईंचा आवाज झोपेतल्यासारखा होता. “बघ कशी शांत झोपली. चिवचिव अगदी थांबली बघ.”

थांबलीच असती. कायमची. मी तिला उचललं, डाव्या मुठीवरची शाल ओढून लिव्हर दाबला आणि इंजिन उसासा टाकून गप्प झालं. “देवीचा ठोका थांबवला!” कोणीतरी किंचाळलं. मी ओरडले, “बाहेर व्हा सगळे!” आणि पळाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमणीच्या बोटाला चिमटा लावला. रक्तातला ऑक्सिजन ठीक असल्याचं तो सांगत होता. मूल मात्र डोळे उघडत नव्हतं. बाईंनी चिमट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बंद खोलीत इंजिन चालू होतं का?”

मी मान डोलावली.

“मग हा चिमटा फसतोय. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो. रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो पकडून बसतो, आणि या यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात.” बोलता बोलता त्यांनी चिमणीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. “आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग गुंगी. मग काही नाही.”

जे दिसत नाही ते खातं.

मी तिच्या पायाचा अंगठा धरून बसले. बऱ्याच वेळाने तो हलला. मग मास्कच्या आतून, वैतागलेला, बारीक आवाज आला, “आई, हे नाकावर टोचतंय.” जगातली कुठलीही आरती मला इतकी गोड लागली नसती. गल्लीतल्या लोकांनी मागोमाग आणलेल्या सासूबाईही शेजारच्या खाटेवर मास्क लावून होत्या. त्यांनी तो बाजूला केला आणि म्हणाल्या, “मला वाटलं, तिचा श्वास मोकळा होईल गं.” मी त्यांचा मास्क पुन्हा नाकावर बसवला.

पुढचं त्या बोलल्या ते थेट बाबांच्या पुढच्या बैठकीत. शटर उघडं, चपलांचा ढीग पुन्हा तयार. वातावरणात कुजबुज, की पापी सुनेने देवीचा अपमान केला आणि नातीवर बेतलं. आम्ही तिघी गेलो. सासूबाई, डॉक्टरीणबाई आणि मी. मागून शिंपी लंगडत आला.

“बाबा,” सासूबाई म्हणाल्या, “आज गाडी रस्त्यावर काढा. उघड्यावर ऐकू ठोका.”

“माते, वारा कृपा उडवून नेईल.”

“मग आम्ही वाऱ्याच्या दिशेला बसतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उडालेली कृपा थेट आमच्यावरच येईल.”

लोक हसले, आणि हसलेल्या माणसांना मागे हटता येत नाही. गाडी बाहेर आली. तीच गाडी, तोच ठोका, तीच माणसं. फक्त डोक्यावर आकाश. आम्ही बसलो. बसूनच राहिलो. कोणी डोललं नाही, कोणी रडलं नाही. ज्या काकूंच्या अंगात सगळ्यात आधी यायचं त्या चुळबुळ करत म्हणाल्या, “मी जाऊ का? गॅसवर दूध ठेवून आलेय.”

“डोकं दुखतंय कोणाचं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. मग त्यांनी बंद खोली, इंजिन आणि त्या बिनवासाच्या विषाचं सगळं समजावून सांगितलं. “तुमच्या अंगात देवी येत नव्हती. अंगातून प्राण जात होता.”

“नास्तिकांची बडबड!” बाबा म्हणाले. “परीक्षा होऊ दे! ज्याच्या पोटात पाप त्याला गाडी फेकेल!”

“होऊ दे ना,” मी म्हटलं. इंजिन बंद केलं, शाल काढून घडी घातली आणि ठिणगीचा लिव्हर पार पुढे सारला. “तुमच्याइतकं निष्पाप इथे कोण आहे, बाबा? किक तुम्ही मारा. लिव्हर मात्र आहे तिथेच राहील.”

बाबांनी लिव्हरकडे बघितलं. मग स्वतःच्या पायाकडे. मग पुन्हा लिव्हरकडे.

“मारा की, बाबा,” शिंपी अगदी नम्रपणे म्हणाला.

बाबांनी किक मारली नाही.

मी लिव्हर मागे घेतला आणि शिंप्याला म्हटलं, “दुसऱ्या पायाने मारा, जपून.” त्याने मारली. गाडी पहिल्या किकलाच बोलली. धड्, धड्, धड्. “घ्या,” तो म्हणाला, “माझं पाप कुठे गेलं? आता ब्लाऊज कोण टाकतंय?”

डॉक्टरीणबाईंनी बोलावलेल्या पोलिसांची वाट बघत असताना बाबा गॅरेजच्या पायरीवर बसले होते. मी विचारलं, “त्या खोलीत एकच खिडकी होती. तुमची बैठक बरोबर तिच्याखाली कशी?”

“खरं सांगतो, ताई, धुरात विष असतं हे मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. आवाजातली गर्जना संपली होती. “माझं डोकं दुखायचं, म्हणून खिडकीशी बसायचो.”

मला वाटतं, ते खरंच बोलत होते. त्याचाच मला जास्त राग आला. लिव्हरची लबाडी तरी हुशारीची होती. पण डोकं दुखतंय हे कळणं, स्वतःपुरती हवा घेणं आणि बाकीच्यांना ‘शटर खाली’ सांगणं, याला हुशारी लागत नाही. आणि आम्ही? बंद शटरमागे सगळ्यांची डोकी एकाच वेळी दुखतात आणि बाहेर आल्यावर थांबतात, हे आमच्या गल्लीत रोज घडत होतं. कोणी विचारलं नाही. विचारलं त्या एकट्याचा घोटा सुजला.

चमत्कार दिसला की नमस्काराआधी दार उघडा. जी कृपा उघड्या दारात, भर उजेडात, प्रश्न विचारल्यावर टिकत नाही ती कृपा नव्हे. बुद्धी वापरायला पदवी लागत नाही. माझ्याकडे होती, आणि मी फक्त हसले होते.

आता एक काम करा. तुमच्या ओळखीत कोणीतरी असेल. सकाळी दार लावून गाडी गरम करत बसणारे काका असतील. आवाजाचा त्रास नको म्हणून जनरेटर खोलीत ओढून घेणारा शेजारी असेल. शेगडी पेटवून, खिडक्या बंद करून झोपणारी आत्या असेल. त्यांचं डोकं हल्ली दुखतंय का? घराबाहेर पडल्यावर बरं वाटतं का? फोनवर विचारू नका, माणसं “मी ठीक आहे” म्हणतात. माझी चिमणीसुद्धा ‘ठीक’ झोपली होती.

उठा, जाऊन बघून या. आणि गेल्यावर बोलायच्या आधी दार उघडा.