अकरा टॅब

मारिट हाल्वरसनने तिसऱ्यांदा तोच टॅब दाबला आणि तिसऱ्यांदा मागची ओळ पुढे आली, पुढची मागे गेली. तिने कपाळावर हात मारून घेतला.

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या अँब्युलन्स केंद्रासाठी ती प्रोग्राम लिहीत होती. सुरुवातीला चारच टॅब होते: पत्ता, रुग्ण, गाडी, नोंद. दाबला की त्याचं पान उघडायचं, बस्स. पण तिचा वरिष्ठ क्लाइड प्रत्येक बैठकीतून नवा टॅब घेऊन यायचा. आता अकरा झाले होते. एका ओळीत मावेनात, म्हणून दोन ओळी, आणि त्या सारख्या जागा बदलत.

"अजून एकच," क्लाइड दारातूनच म्हणाला. "हवामानाचा."

"अरे, फोन घेणाऱ्यांच्या खोलीला खिडकी आहे!"

"केंद्राच्या समितीने मागितलाय."

"मग समितीलाच फोन घ्यायला बसव."

दुसऱ्या दिवशी ती तणतणतच केंद्रावर गेली. वीस वर्षं फोन घेणाऱ्या वांडाशेजारी बसली. तेवढ्यात फोन आला: नवरा शिडीवरून पडलाय, शुद्धीवर नाही. वांडाने पत्ता भरला, गाडी शोधायला टॅब दाबला, ओळी उलटल्या, भलतंच पान उघडलं. परत आली तर पत्त्याची जागा कोरी. वांडा शांतपणे बोलत राहिली. पत्ता तिने आधीच तळहातावर लिहून घेतला होता.

गाडी निघाल्यावर तिने मान वळवली. "हे तू केलंस, पोरी?"

"हो."

"रोज हात धुवावा लागतो मला."

मारिटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळी क्लाइडमुळे वाढल्या होत्या, पण टॅब बदलला की पान नव्याने मांडायचं आणि भरलेलं पुसायचं, ही चूक निव्वळ तिची होती.

तिने सात टॅब उडवले, भरलेली पानं जशीच्या तशी राखली आणि पत्ता टॅबांच्या वर कायमचा ठेवला. क्लाइड भडकला. मारिटने त्याला ओढत नेऊन अर्धा दिवस वांडाशेजारी बसवलं. परतताना तो एवढंच म्हणाला, "निदान खाली एका ओळीत तरी हवामान टाक."

तिने टाकलं.

आठवड्याने वांडाचा फोन आला. "पत्ता टिकतो गं आता. छान झालं."

मारिटने सुटकेचा निःश्वास टाकला.

"पण अक्षरं किती बारीक केलीस! आणि ते खाली काय सारखं सरकत असतं?"