गळ्यातली डबी

लॅपटॉप पूजेच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून सिद्धाराम गोदामात सावकाश गोल फिरत होता. खोलीत दुसरं कोणी नाही, हे सातासमुद्रापलीकडच्या पर्यवेक्षकाला कॅमेऱ्यातून दाखवायचं होतं. पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं उमटली. 'पोत्यांमध्ये काय आहे?'

सिद्धारामनं टाइप केलं, 'तूर.'

'तिचा परीक्षेच्या विषयाशी संबंध आहे का?'

'नाही.'

चौसाळ्यात गोदामापुढच्या घरच्या किराणा दुकानात सिद्धारामची सत्तावीस वर्षं गेली होती. इंजिनिअर होऊन तो विमानाच्या कारखान्यात रुजू व्हायला निघाला, त्याच आठवड्यात वडिलांना, मन्मथप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. "चार महिने बस दुकानात," आप्पा म्हणाले. आप्पा सहा महिन्यांत काठीशिवाय चालू लागले. चार महिने मात्र काही केल्या संपले नाहीत.

मग चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यानं परदेशी विद्यापीठात, घरबसल्या, एरोस्पेस इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला नाव घातलं. शेजारचा बंकट म्हणाला, "रेल्वेची वाट बघण्यात आपल्या दोन पिढ्या खपल्या, अन् ह्यो थेट आभाळात निघालाय." आप्पांचा प्रश्न साधा होता. "इमान शिकायला तुरीच्या पोत्यात काहून बसावं लागतंय?" बायको महादेवीनं रोज सकाळी दोन तास गल्ला सांभाळला. पाच वर्षं.

पाच वर्षांचीच मुदत होती. आजचा पेपर शेवटचा आणि प्रयत्नही शेवटचा. मागच्या खेपेला हाच विषय दिवाळीच्या गर्दीत बुडाला होता. उपग्रह पृथ्वीभोवती कसा फिरत राहतो, असा विषय. सत्तावीस वर्षं गल्ल्याभोवती फिरलेल्या माणसाला तो अवघड नव्हता. अकरा वाजले, दोन तासांचं घड्याळ कोपऱ्यात सुरू झालं, आणि पुन्हा लाल अक्षरं आली.

'गळ्यात काय आहे?'

उकाड्यानं वरचं बटण उघडं होतं आणि चांदीची डबी बाहेर आली होती. लिंगायताच्या घरातला मुलगा. आठव्या वर्षी गळ्यात या डबीतलं शिवाचं इष्टलिंग आलं, ते आंघोळीलासुद्धा उतरवायचं नाही, मेल्यावर जमिनीत पुरतात तेही त्याच्यासकटच. सिद्धाराम काही फार भाविक नव्हता. पाच वर्षांत सकाळची पूजा व्याख्यानांनी खाऊन टाकली होती. डबीला हात लावून कपाळाला लावायचा, एवढीच काय ती उरली होती.

त्यानं टाइप केलं, 'देव.'

'तो कशाला जोडलेला आहे?'

खरं उत्तर लांबलचक झालं असतं. 'दोऱ्याला.'

'काढून टेबलावर ठेवा.'

सिद्धारामचा हात दोऱ्याकडे गेला आणि तिथंच राहिला. एवढा हट्ट आपल्यात आहे, हे त्यालाही नवीनच होतं. त्यानं एका बोटानं लिहिलं, 'काढता येत नाही.'

'कधीपर्यंत?'

'मरेपर्यंत.'

'कृपया थांबा. वरिष्ठांना विचारतो.'

घड्याळ मात्र थांबलं नाही. बाहेर दुकानात गिऱ्हाईक छबुबाई साबुदाणा मागत होत्या.

"मावशी, हळू बोला. आत पेपर चालू हाय," महादेवी म्हणाली.

"पोराचा?"

"ह्यांचा."

"आता गं बया. ह्या वयात नापास झालं तर मारायलाबी कुणी न्हाई."

दाराच्या फटीशी आप्पांची चप्पल वाजली. "टायपायचा आवाज काहून थांबलाय रं?"

"गळ्यातलं काढ म्हणायलेत, आप्पा."

'कोणाशी बोलत आहात?' लाल अक्षरं आली.

'वडिलांशी. ते दाराबाहेर आहेत.'

आप्पा दाराला टेकले. मग हळूच म्हणाले, "माज्यापाशी दे घटकाभर. मी धरतो. महादेवाला काय इमानाचं वावडं न्हाई." फटीतूनच पुढं म्हणाले, "चार महिने बस, असं मीच म्हणलो होतो."

सिद्धारामनं बंद दाराकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या, आप्पा," तो म्हणाला.

दीड तास उलटल्यावर वरिष्ठांचा निरोप आला. 'उघडून दाखवा.'

सिद्धारामनं तांब्यातलं पाणी हातांवर घेतलं, मांडी घातली, डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे नजर आपोआप खाली तळहातावर गेली.

'कृपया पडद्याकडे पाहा.'

त्यानं पाहिलं. तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. पलीकडे कोण, किती जण बघत होते, कोण जाणे.

'ठीक आहे. पेपर सुरू करा.'

अठ्ठावीस मिनिटं उरली होती. पाचांतले दोन प्रश्न झाले. दोन्ही बरोबर निघाले, असं तीन आठवड्यांनी कळलं. दोन्ही मिळून अडतीसच मार्कांचे होते. पास व्हायला चाळीस लागत. विद्यापीठानं खेद कळवला आणि परीक्षेचा अनुभव कसा वाटला म्हणून पाचपैकी तारे मागितले. त्यानं तीन दिले.

"कितीनं गेलं?" आप्पांनी विचारलं.

"दोनानं."

आप्पांनी तराजूचं पारडं उगीचच पुसलं. "दोन तर आपण रोज गिऱ्हाइकाला सोडतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून सिद्धाराम सवयीनं गोदामातच आला. लॅपटॉप तुरीच्या पोत्यावर टॉवेलखाली होता. त्यानं मांडी घातली, डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं. मध्येच नजर वर गेली, टॉवेलावर टेकली. तो क्षणभर थांबला.

कोणी काही लिहिलं नाही. त्यानं नजर खाली घेतली.