फौजदारासमोर म्हटलेला ‘नांगर’

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. लोक म्हणतात, केवढा गुण! म्हटलं, एकदा संसार करून बघा.

जर्मनीशी चाललेल्या महायुद्धाचं तिसरं वर्ष. आम्ही इंग्लंडातल्या हडर्सफील्डचे क्वेकर, कुणावरही शस्त्र उचलायचं नाही हा आमचा धर्म. ‘नांगर’ नावाचं साप्ताहिक काढायचो. लढायला नाही म्हटलं म्हणून आमची पोरं तुरुंगात होती. कोण कुठे आहे, कोण आजारी, हे आयांना फक्त ‘नांगर’मधून कळायचं. शेवटच्या रकान्यात, ज्यांनी हाय खाऊन लष्करी गणवेश चढवला त्यांची नावं. ठपका ठेवायचा नाही, पण छापायचंच. नियम माझ्या नवऱ्याचा, एनकचाच.

त्या आठवड्यात तुरुंगातून सुटून आलेल्या एकाने मला गाठून सांगितलं, आमच्या पोराने, जोएलने, गणवेश चढवला. एनकला कुठल्या तोंडाने सांगू? पार खचला असता. छपाईचे खिळे जुळवायचं काम माझं. सगळी नावं जुळवली, जोएलचं गाळलं.

रविवारी सकाळी कुणकुण लागली की पोलीस अंक जप्त करायला छापखान्यावर येताहेत. जुळवलेले खिळे आम्ही प्रार्थनाघरात नेऊन बाकाखाली सरकवले आणि सभेला बसलो. आमच्यात पाद्री नाही, भजन नाही. सगळे गप्प बसतात. ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो, आणि बोलणाऱ्याला कुणी अडवत नाही.

फौजदार सटक्लिफ दोन शिपाई घेऊन तिथे आलाच. सगळे गप्प बघून बिचाऱ्याने टोपी काढली अन् दाराशी उभा राहिला. म्हटलं, कंटाळून जाईल.

आणि एनक उठला!

“सटक्लिफ, खिळे माझ्या बाकाखाली आहेत. देवापुढे अशी लपवाछपवी करून बसणं मला जमत नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिपाई खिळे ओढून काढू लागले. विधवा हॅना क्रॉसली रडायलाच लागली; पोराची खबर मिळेल म्हणून ती अंकाची वाट बघत होती. मग मीही उठले.

“थांब रे सटक्लिफ! आता मी बोलतेय. सभेत मला अडवलंस तर तुझ्या आईला जाऊन सांगेन.”

तो थांबला. या हातांनी जुळवलेलं मी विसरते होय? एकेक नाव म्हणत गेले. “हॅना, तुझा विल्फ डरहॅमच्या तुरुंगात आहे. खोकला आहे, पण हिंडतोय-फिरतोय.” हॅनाने डोळे पुसले.

शेवटचा रकाना आला. दोन नावं घेतली आणि थांबले. लोकांची पोरं सांगायची आणि आपलं गिळायचं? इतका वेळ नवऱ्यावर चरफडत होते, आता माझंच तोंड उघडेना. एनक वर माझ्याकडे बघत होता.

“जोएल होलरॉइड,” मी म्हटलं. “आपला जोएल. गणवेश घातला त्याने.”

चाळीस वर्षांत एनकने सभेत कुणाला मध्येच अडवलं नव्हतं. मला अडवलं.

“टॅबी, जिवंत आहे ना?”

“आहे,” मी डोळे पुसत म्हटलं.

“मग रडतेस कशाला, वेडे? बस इथे,” म्हणाला, आणि स्वतःच ओक्साबोक्शी रडू लागला.