बायस्कोपची दुसरी खिडकी

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकलीत, आता जरा माझेही ऐका. मी एक जुना बायस्कोप. पत्र्याची पेटी, समोर भिंगाच्या दोन खिडक्या आणि आत चित्रांची लांब गुंडाळी. बाजूची मूठ फिरवली की चित्रे सरकतात. जालन्याच्या एका कारागिराने मला घडवले आणि कडूबाने डोक्यावर घेऊन गावोगाव मिरवले. पसाभर ज्वारी आणली की पोरांना ताजमहाल दिसे, हत्ती दिसे. खिडकीसाठी पोरे भांडायची आणि मी फुगून जायचो. खोटे कशाला सांगू?

पावसाळ्यात चित्रे भिजतात, म्हणून कडूबा मला ओळखीच्या घरी ठेवून मजुरीला जाई. एका वर्षी त्याने मला धावडा गावच्या रामकिसनकडे ठेवले. रामकिसनची नऊ वर्षांची नंदा मला लगेच चिकटली. तिची आई पुष्पाबाई रोज ओढा ओलांडून कपाशी निंदायला जाई. "पोरगी बिलकुल तरास देत न्हाई. दिसभर गप बसून राह्यली," असे ती शेजारणींना सांगायची. ते कौतुक मला माझेच वाटले.

पण हळूहळू नंदा हत्ती पाहीना, ताजमहाल पाहीना. माझ्यात पुराचे एक चित्र होते. त्यात वाहत चाललेल्या बाईचे डोके आणि एक हात तेवढा पाण्यावर दिसे. मूठ तिथेच थांबू लागली. मैत्रिणी हाका मारून परत जात. भाकरी टोपल्यात वाळून जाई. नखे कुरतडून नंदाची बोटे लाल झाली. मला फार भीती वाटू लागली, पण पत्र्याच्या पेटीने कोणाला सांगावे?

एका दुपारी पुष्पाबाई लवकर घरी आली. तीन हाका मारूनही नंदाने मान वळवली नाही. चिडून तिने माझ्या मुठीला हात घातला, तशी नंदा किंचाळली, "फिरवू नको, माय! मी पाहून राह्यले म्हून ती बुडली न्हाई!"

"कोण गं?"

"ती बाई. तू बी रोज ओढ्यातून जाती. मी नजर काढली तर तू बी वाहून जाशील."

पुष्पाबाई लेकीशेजारी बसली. मग तिने माझ्या दुसऱ्या खिडकीला डोळा लावला. दीड महिन्यात तिथे कोणी बसलेच नव्हते.

"येवढं भेव एकलीच घेऊन बसल्ती व्हय?" म्हणत तिने लेकीला पोटाशी धरले. मला वाटले, मी फुटून जावे.

दुसऱ्या दिवसापासून ती नंदाला शेतात सोबत नेऊ लागली. नंदा पुन्हा जेवू लागली, खेळू लागली. पण दसऱ्याला कडूबा मला न्यायला आला तेव्हाही आभाळ भरून आले की ती धावत जाऊन आईचा पदर धरायची. माझ्यामुळे लागलेले ते भय काही मला परत घेता आले नाही.

मित्रांनो, मला माळ्यावर टाकले याचा राग नाही. माझ्याहून देखण्या पेट्या येतील, तुम्हीही त्यांना चिकटाल. तेव्हा घरातल्या कोणाला तरी हाक मारा आणि म्हणा, "इथे माझ्याजवळ बस, तूही पाहा." कारागिराने मला दोन खिडक्या ठेवल्या होत्या.