पाण्याची शीव

आमच्या गावाच्या शिवेबद्दल माझ्या आजाचा शब्द शेवटचा असायचा. तलाठ्याचा नकाशा आणि मोजणीदाराची साखळी नंतर. शेजारच्या वाडीशी एकदा हद्दीवरून भांडण पेटलं, काठ्या निघाल्या, तेव्हा दोन्ही गावांनी आबांना पुढं घातलं आणि ते चालतील ती शीव असं कबूल केलं. आबा तेव्हा पंचविशीतले. सकाळी निघाले, दुपार कलेपर्यंत चालले, आणि दोन्ही गावं मुकाट घरी गेली. शिवेवर खोटं बोलेल त्याचा वंश बुडतो, असं त्या काळी मानत. आबा खोटं बोलले नाहीत, तरी वंशात मी निपजलो, हा भाग वेगळा.

हे काम आमच्या घराकडं येसकरकीनं आलेलं. महाराच्या वाट्याचं गावकीचं काम. साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, सांगावा पोचवायचा, शीव राखायची, आणि त्याबदली दारोदार भाकरी मागायची. छप्पन साली आबांनी दीक्षा घेतली आणि येसकराची काठी चुलीत घातली. त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणी कुणापुढं पळालं नाही. वडील शाळामास्तर झाले, मी डिप्लोमा करून ओव्हरसियर. लहानपणी वडिलांनी मला एकच धडा पुन्हापुन्हा दिला होता, की ते जुने दिवस तोंडातसुद्धा काढायचे नाहीत. मी तो धडा फारच चांगला पाठ केला.

गाव आमचं मोरगावपासून दोन कोसांवर, जिराईत. तिकडं लासुर्ण्याला कालव्याच्या पाण्यावर ऊस डुलतो आणि इकडं आम्हाला फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो. चौऱ्याण्णव साली दत्तोबा सरपंचांनी गाव गोळा केलं आणि ठराव केले. कुणी बोअर घ्यायची नाही. ओढ्याकाठच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. माळावर शेरडं सोडायची नाहीत, म्हणजे गवत धरेल. आणि ओढ्यावर पाझर तलाव बांधायचा, यंत्रं पाटबंधारे खात्याची, माती गावाची. असले ठराव बरीच गावं करतात आणि पुढच्या पोळ्यापर्यंत विसरतात. आमचं गाव विसरलं नाही. प्रयागबाई एकटी बाई, शेरडांवर जगणारी, तिनं पाचही शेरडं मोरगावच्या बाजारात विकली आणि पाटी घेऊन कामावर आली.

माझी बदली नेमकी त्याच भागात झालेली. आपल्या गावचा पोरगा साहेब होऊन आला म्हणून लोकांना कोण कौतुक! मलाही होतं. तलावाची जागा मीच काढली. ओढा जिथं दोन टेकाडांच्या मधून अरुंद होऊन निघतो, तिथं एक डोह आहे. दुर्बिणीतून पाहिलं तर भराव कमी, साठा जास्त. अशी जागा म्हणजे दारात चालून आलेलं स्थळ, नाकारायचं कुणी?

नोव्हेंबरात आमचे डेप्युटी साहेब जीप घेऊन जागा बघायला आले. गावकरी मागं जीपजवळ थांबले होते. मी आणि साहेब डोहाकडं निघालो, तेवढ्यात कुठून तरी आबा आले. पायात काही नाही, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी. आले ते थेट साहेबांच्या पुढं चालायला लागले आणि हातानं दाखवायला लागले.

"साहेब, हितं नगा. ह्या डोहाचं पानी टेकाडाखालनं वाडीकडं पळतं. आमच्या खळ्यातला बाजरीचा भुसा वाऱ्यानं ह्यात पडायचा, त्यो चौथ्या दिशी वाडीच्या झऱ्याला निघायचा. ह्या डोळ्यांनी बघितलंय. जमिनीची शीव टेकाडाच्या माथ्यावर हाय, पर पान्याची शीव अल्याड हाय. तुमी खालच्या वळणाला बांधा. तितं काळा धोंडा आडवा पडलाय, लव्हाळा चैतापतुर हिरवा असतो."

आबा किती नेमकं बोलत होते, हे आज मला शब्दनशब्द आठवतं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की माझा आजा अनवाणी पायांनी साहेबाच्या पुढं चालतोय. माझ्या कानशिलांत आग झाली.

साहेबांनी हसून विचारलं, "हा कोण? जुना येसकर का?"

"गावातला एक म्हातारा आहे," मी म्हणालो.

मग आबांकडं वळलो. "बाबा, तुम्ही घरी जा. हे मोजमापाचं काम आहे."

'आबा' नाही म्हणालो. 'बाबा' म्हणालो, रस्त्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणतात तसं. त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि वळून चालू लागले. साहेबांनी माझ्या जागेवर सही केली. घरी संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून जेवलो. आबांनी तो विषय काढला नाही, मी तर नाहीच नाही.

जानेवारीपासून मेपर्यंत गाव राबलं. घरटी एक माणूस रोज. आबासुद्धा यायचे, पंचाहत्तरीचा माणूस, आणि दगड रचायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला पटलं शेवटी. उंटावरचा शहाणा मी, मला दुसरं काय वाटणार? पंच्याण्णवचा पाऊस बरा झाला, तलाव तुडुंब भरला, गावानं पेढे वाटले. दसऱ्याला पाणी निम्म्यावर आलं. दिवाळीला पोरं मधल्या चिखलात क्रिकेट खेळायला लागली. पाझर तलाव आहे, पाझरणारच, विहिरींना उतरेल, असं मी सगळ्यांना समजावलं. डिसेंबर संपला तरी आमच्या विहिरी होत्या तिथंच. प्रयागबाई पुन्हा दीड मैलावरून हंडा आणायला लागली.

सव्वीस जानेवारीला चावडीसमोर ग्रामसभा बसली. सभा सुरू होते न होते तोच वाडीचे सरपंच चार माणसं घेऊन आले. हातात नारळ आणि शाल. मला वाटलं झेंड्यासाठी आले असतील. ते सरळ माझ्याकडं आले, शाल माझ्या खांद्यावर घातली, आणि भाबडेपणानं म्हणाले, "साहेब, लई उपकार झालं. आमच्या विहिरी औंदा वाकून पानी घ्यावं इतक्या भरल्यात. तुमच्या तळ्यामुळं."

चिडवायला नव्हते आले. खरोखर आभार मानायला आले होते. कुणीतरी मागून म्हणालं, "घाम आमचा, पानी वाडीचं." कुणी हसलं नाही.

वाडीची माणसं वरमली आणि निघून गेली. शाल काढायची की ठेवायची हे मला कळेना, म्हणून ती खांद्यावरच राहिली. मग दत्तोबांनी आबांकडं मान वळवली.

"ज्ञानूबाबा, तुमी समदी शीव पायाखाली घातलीया. पानी असं टेकाडाखालनं पलीकडं जातं, ह्ये तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

"न्हाय बा," ते म्हणाले. "मला कुठलं ठावं?"

ज्या माणसाच्या शब्दावर दोन गावांनी काठ्या खाली ठेवल्या, तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा शिवेबद्दल खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला. आणि मी शाल पांघरून ते ऐकत बसलो. खरं सांगतो, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे.

"मग आता इचारायचं तरी कुणाला?" प्रयागबाई म्हणाली. "साहेबाला कळंना, म्हाताऱ्याला ठावं न्हाय. माझी शेरडं गेली, पानी बी गेलं."

सगळे एकदम बोलायला लागले. बोअरचा गाडीवाला बारामतीत आहे, उद्या आणू. ठराव गेले चुलीत. माळ मोकळा करा. ज्याला परवडेल तो खोल जाईल, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. दत्तोबा हात वर करून थांबवत होते, पण त्यांच्या हातात जोर नव्हता. दीड वर्ष सगळ्यांनी मिळून धरलेलं गाव माझ्यासमोर सुटत होतं. आणि योग्य जागा ज्याला ठाऊक होती, त्याला आता कुणी कधीच विचारणार नव्हतं, कारण मला ठाऊक नाही असं त्यानंच भर सभेत सांगितलं होतं.

मी उठलो.

"आबांना ठाऊक होतं," मी म्हणालो. "त्यांनी मला जागेवर सांगितलं होतं. खालच्या वळणाला बांधा म्हणाले होते. मी ऐकलं नाही. घरी जा म्हणालो."

मग शिव्या बसल्या. तरण्या पोरांनी दिल्या, म्हाताऱ्यांनी दिल्या, प्रयागबाईनं तर माझ्या डिप्लोम्याची पार तिरडी बांधली. 'पिकतं तिथं विकत नाही' असं कुणीतरी म्हणालं आणि बऱ्याच माना हलल्या. ते सगळं मला सोसलं. किंबहुना बरं वाटलं. शेवटी दत्तोबा म्हणाले, "बोअर ऱ्हाऊ द्या. सकाळी ज्ञानूबाबासंगं खालच्या वळणाला जाऊ." गाव कुरकुरत का होईना, तयार झालं. मी मान वर करून आबांना शोधलं. खरं बोललो होतो, आता ते पाठीवर हात ठेवतील अशी माझी आशा. त्यांची जागा रिकामी होती.

घरी ते ओट्यावर बसले होते. ऊन अजून होतं.

"आबा, चुकलं माझं."

"कुठलं?"

"जागेचं. सांगितलं मी सगळं गावाला."

"समदं सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "गावातला एक म्हातारा, ते बी सांगितलंस?"

मी खांद्यावरची शाल काढून तिची घडी घालू लागलो.

"जागेचं चुकतं रं," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझंबी चुकलं असंल कवा. पर मी साहेबाच्या पुढं चाललो म्हून तुला वाटलं, म्हातारा पुन्ना येसकर झाला. मी येसकरकी सोडली. शिवार न्हाय सोडलं. माझ्या गावाचं पानी कुठं जातं ह्ये सांगायला मी माझ्या पायानं आलतो, कुनाच्या हुकमानं न्हाय. तुला त्यातलं कायबी दिसलं न्हाय. तुला माझी लाज वाटली. आता तिचं काय करायचं, ते तू सांग. गावानं शिव्या दिल्या, तुझं ओझं उतरलं. माझं कुठं उतरलंय?"

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"नगं," ते म्हणाले. "दीक्षा घेतल्यापासनं आपल्यात पाया पडत न्हाईत."

सकाळी सगळं गाव खालच्या वळणाला जमलं. आबा आले ते धुतलेलं धोतर नेसून, पायात वहाणा घालून. माणसांच्या मधून चालत होते, बोलत होते. प्रयागबाईला त्यांनी लव्हाळ्याची मुळी उपटून ओलावा दाखवला. दत्तोबांना काळ्या धोंड्यावर उभं करून तो ओढ्याखालून कुठवर जातो ते काठीनं आखून दिलं. पोरांना वारुळं दाखवली, ती सगळी एकाच रेषेत का आहेत ते सांगितलं. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांच्याच घरात वाढून. मी दुर्बीण खांद्यावर घेऊन मागं उभा होतो.

एका जागी ते थांबले. वाळूवर टाच दाबून खूण केली आणि वळून माझ्याकडं पाहिलं. जन्मल्यापासून मला दीपा म्हणत आले होते.

"साहेब," ते म्हणाले, "हितं खुंटी ठोका."

ते सगळ्यांनी ऐकलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही, ओव्हरसियरला सगळे साहेबच म्हणतात. मी वाकलो आणि खुंटी ठोकली. ती केव्हाच घट्ट बसली होती, तरी मी बराच वेळ ठोकत राहिलो, कारण मान वर करायची हिंमत होत नव्हती.