शाबान हसन, पान दोनशे बारा

नदीकाठच्या रशीद गावच्या डॉक्टर सिदकींना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. पण गेल्या तीन महिन्यांत त्यांनी जेवढे रोगी तपासले, तेवढे जिवंतपणी कधी तपासले नसतील. त्यांच्या बंद दवाखान्याच्या अंगणात दुपारच्या नमाजानंतर पाय ठेवायला जागा उरत नसे. कोणी आजीला हातगाडीवर घालून आणलेलं, कोणी बगलेत बदक दाबून उभा. मधोमध खुर्चीवर शेख बुरहामी आणि त्याच्या मांडीवर डॉक्टरांची जाडजूड वही. वहीला हिरव्या कापडाची चौकट होती आणि चौकटीतून चार ओळी तेवढ्या दिसत.

सकाळी दारात नाव लिहून द्यायचं, दुपारी बोलावणं यायचं. मधे एवढा वेळ कशाला, असं विचारलं तर उत्तर तयार होतं: "वरपर्यंत निरोप जायला वेळ नको?"

"खमीस मुर्सी!" शेखने डोळे मिटून पुकारा केला.

खमीस बेकरीवाला पोट सावरत पुढे आला. शेखने वही उघडली आणि बोट ठेवलं. "वाच. तुझंच नाव आहे ना? अक्षर कोणाचं?"

"डॉक्टरसाहेबांचं! माझ्या आईकडे त्यांची चिठ्ठी आहे, हुबेहूब तेच." खमीस म्हणाला.

"ऐक काय म्हणतात ते. मूत्रखडा. जवाचं पाणी भरपूर प्यावं. होडीत उडी मारून चढू नये."

"खडा आहे! खरंच आहे!" खमीस रडायलाच लागला. मग जरा थांबून म्हणाला, "पण शेख, मी जन्मात होडीत बसलो नाही. मला पाण्याची भीती वाटते."

"बघ! म्हणूनच तुला सावध केलंय."

गर्दीने हात वर करून देवाचे आभार मानले. मागच्या भिंतीला टेकून इन्साफ हे सगळं बघत होती. तिला हसू येत होतं आणि रडूही, कारण तिचे वडील पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

इन्साफ गावच्या वाचनालयात कामाला होती. डॉक्टरांच्या विधवेने मरण्याआधी एक ट्रंक वाचनालयाला दिली होती: पत्रं, रोजनिशा, औषधांच्या पावत्या, वाण्याच्या याद्या. वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे सगळं लागतं म्हणून इन्साफ दोन वर्षं एकेक कागद पुसून, क्रमांक घालून खोक्यात ठेवत होती. गाव हसायचं. "मेलेल्या माणसाने किती कांदे आणले, ते वाचायचा पगार मिळतो हिला!" रोग्यांच्या वह्या मात्र ट्रंकेत नव्हत्या. डॉक्टरांच्या कंपाउंडरने त्या कधीच घरी नेल्या होत्या. शेख बुरहामी त्या कंपाउंडरचाच मुलगा. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तो नदीच्या धक्क्यावर नावेची तिकिटं फाडत होता.

महिन्याभरापूर्वी वहीत तिच्या बाबांचं नाव निघालं. शाबान हसन, पान दोनशे बारा. लघवीत साखर. सुई नको. जवाची भाकरी, मेथीचं पाणी. बाबांनी त्याच संध्याकाळी इन्सुलिनच्या सुया शेजारणीच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकल्या.

"बाबा, पाय बघा जरा!"

"डॉक्टरांनी माझं नाव घेतलंय, पोरी. तुझं घेतलंय का?"

इन्साफने डोकं लढवायला सुरुवात केली ती पोस्टमास्तर दहब यांच्यामुळे. हा भला माणूस दूरच्या अस्वानहून बदलून आलेला. गुडघे धरले म्हणून तीनदा नाव देऊन आला आणि तिन्ही वेळा शेखने मान हलवली: "डॉक्टर तुझ्यावर रुसलेत."

"मी काय घोडं मारलंय त्यांचं?" पोस्टमास्तर वाचनालयात येऊन कुरकुरला. "गावात मीच एकटा पापी?"

"गावात तुम्हीच एकटे परके," इन्साफ म्हणाली आणि म्हणता म्हणता थांबली.

परक्याचं नाव गावच्या जुन्या वहीत सापडणार कुठून! डॉक्टर वहीतल्या नोंदी रोज रात्री रोजनिशीत उतरवत. तिने रोजनिशा काढल्या आणि एकतीस सालच्या रोजनिशीत तिला ती ओळ सापडली: 'शाबान हसन, जाळी विणणारा. लघवीत साखर.' क्षणभर तिलाही सगळं खरं वाटलं. मग तिने 'जाळी विणणारा' पुन्हा वाचलं. बाबांनी आयुष्यभर ट्रक दुरुस्त केले होते. जाळी विणायची सुई घरात होती खरी, खिळ्याला टांगलेली. पण ती बाबांच्या आजोबांची. आणि बाबांचे आजोबा म्हणजे शाबान हसन.

गावात पहिल्या नातवाला आजोबांचं, नातीला आजीचं नाव ठेवायचं हे इतकं ठरलेलं की कोणी त्याचा विचारच करत नाही. शाबानचा हसन, हसनचा शाबान, त्याचा पुन्हा हसन. खमीसचा मुर्सी, मुर्सीचा खमीस. आणि आजोबांच्या नावाबरोबर बऱ्याचदा आजोबांचा रोगही येतो.

तिने घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी रोजनिशीकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझे कागद तुझ्याजवळ. वही डॉक्टरांची आहे."

मग तिने दुसरी वाट धरली. गुरुवारी बाबा, शेजारची हमीदा आणि गवंडी अब्बास पुन्हा नाव देणार होते. इन्साफने सकाळीच तीन पाकिटं बंद केली. पोस्टमास्तरने त्यांवर लाख लावून त्या दिवशीचा शिक्का मारला आणि दुपारी तो पाकिटं छातीशी धरून अंगणात उभा राहिला.

शेखने अब्बासला सांगितलं, "खोकला. चुन्याच्या भट्टीपासून दूर राहा." पोस्टमास्तरने पहिलं पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं. तेच. हमीदाला सांगितलं, "डोळे येतात. सुरमा बंद." दुसऱ्या पाकिटातही तेच. बाबांना सांगितलं, "साखर उतरते आहे. सुई नकोच. अजून महिनाभर जवाची भाकरी." तिसऱ्या पाकिटात शब्दाला शब्द जुळला.

मग खमीस ओरडला, "इन्साफलाही डॉक्टर दिसतात!" आणि कोणीतरी तिच्या हातात बदक कोंबलं.

"अहो, धरा तुमचं बदक!" इन्साफ वैतागून म्हणाली. "मला कोणी दिसत नाही. मी वाचते. ह्यांच्या आजोबा-आजींची पुढची नोंद काय, ते सकाळी इथूनच उतरवलं. हे बघा, डॉक्टरांची रोजनिशी, तारखेसकट. खमीसकाका, तुमचे आजोबा काय करायचे?"

"मासे धरायचे. होडीवर... " खमीसचा हात तोंडावर गेला. "होडीवर!"

"शेख, चौकट काढा. डॉक्टर डाव्या समासात तारीख घालायचे."

"कापड काढलं तर बरकत जाते," शेख पुटपुटला. पण हमीदाने तोवर कापड ओढलंच होतं. पानांचे डावे समास कात्रीने कापलेले होते. आज लागणाऱ्या पानांत खुणेचे दोरे घातलेले होते. घाईत एक पान कापायचं राहिलं होतं. त्यावर लिहिलं होतं: मार्च १९३१.

"मी तेव्हा जन्मलोच नव्हतो," खमीस म्हणाला.

"डॉक्टरांना पुढचं दिसायचं!" मागून कोणीतरी हट्टाने ओरडलं.

"पुढचं दिसत असतं तर हे लिहिलं नसतं त्यांनी." इन्साफने रोजनिशीची पानं उलटली. "बाबा, हे महिन्यानंतरचं आहे. तुमचे आजोबा नजर लागून गेले, असंच सांगतात ना आपल्या घरी? ऐका. 'शाबान आज पहाटे गेला. पाय सडला होता. सुई महाग म्हणून मी थांबलो. थांबायला नको होतं. चूक माझी आहे. यापुढे साखरेच्या रोग्याला सुईवाचून ठेवणार नाही.'"

शेख कधी उठून गेला, ते कोणी पाहिलं नाही. वही खुर्चीवर राहिली होती. ती इन्साफने उचलली आणि पहिल्यांदा समासावरून हात फिरवला, कारण त्या कापलेल्या कडा बघून तिला खरोखर वाईट वाटत होतं.

ज्याला गाव चमत्कार म्हणत होतं, ती एका कष्टाळू माणसाची टिपणवही होती. डॉक्टर चुकले, चूक लिहून ठेवली आणि पुढच्या रोग्याला सुई दिली. यालाच वैद्यक म्हणतात. जो कधीच चुकत नाही आणि तारीख झाकून बोलतो, त्याच्याकडे नाव देण्याआधी एवढंच विचारावं: हे कधी लिहिलं, आणि कोणासाठी?

बाबांनी काळ्या अंगठ्याकडे बघितलं. मग त्यांनी सदरा वर केला आणि पोट उघडं टाकलं.

"पहिल्या शाबानची सुई राहून गेली ना," ते म्हणाले. "मग दुसऱ्याला तरी दे."